खांद्याची शिवण

कुरखेड्याला बदली होऊन मला आठच दिवस झाले होते. दवाखान्याच्या दारातल्या खिळ्याला अडकून माझा एकुलता एक चांगला शर्ट फाटला, तेव्हा कंपाउंडर म्हणाला, बाजारगल्लीतल्या यासीन टेलरकडे जा, पण वेळ काढून जा. वेळ काढून का, ते त्यानं सांगितलं नाही. मी कापड घेऊन गेलो. काउंटरपलीकडच्या माणसानं कापडाला हातही लावला नाही. त्यानं मला अंगातला शर्ट काढायला सांगितला.

मापासाठी शर्ट काढावा लागतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पण परक्या गावात वाद कशाला घाला म्हणून बनियनवर उभा राहिलो. त्यानं मला भिंतीकडे तोंड करायला लावलं, दोन्ही हात हळूहळू वर न्यायला सांगितलं, मग हळूहळू खाली. टेप त्याच्या गळ्यातच होता. तो आपला मागच्या बाकड्यावर बसून, मान एका बाजूला कलती करून माझ्या पाठीकडे पाहत होता. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायाही थांबल्या, थोडं पाहिलं, आणि गेल्या.

"तुमचा डावा खांदा बोटभर खाली आहे, साहेब," तो शेवटी म्हणाला. "समोर बी आला आहे. तुमी डाव्या हातानं काहीतरी लांब, खोल काम करता. काय काम आहे तुमचं?"

मी जनावरांचा डॉक्टर. गाय गाभण आहे की नाही हे पाहायचं तर डावा हात जवळजवळ खांद्यापर्यंत आत घालावा लागतो, आणि हे मी सात वर्षं रोज करत होतो. ही माहिती ऐकून माणसं एक तर हसतात नाही तर चार पावलं मागे सरकतात. हा माणूस काउंटर ओलांडून पुढे आला. हात आत किती वेळ राहतो, गाय आतून दाबते ती कोपराशी की मनगटाशी, दुखतं ते कुठे, असं त्यानं इतक्या बारकाईनं विचारलं, की आमच्या कॉलेजच्या तोंडी परीक्षेत मला कोणी विचारलं नव्हतं. मग कापड उचलत म्हणाला, "शर्ट वाकडा बसन. खांदा जसा आहे तसा दिसन. पसंत असन तं शिवतो."

शर्ट खरंच वाकडा बसला. तो घालून मी सहा महिने हिंडलो, आणि त्या निमित्तानं यासीनभाऊंच्या दुकानात जाऊन बसायची मला सवय लागली ती लागलीच.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. यासीनभाऊ तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. ठेंगणे, मानेनं आखूड, दाढी मेंदीनं रंगवलेली, कानावर पेन्सिलीच्या जागी शिंप्याचा निळा खडू. दुकानात मराठी बोलत, घरात हिंदी, आणि राग आला की दोन्ही. दुकानात मशीन एकच, त्यांचं. दाराशी चटईवर त्यांचा धाकटा भाऊ रशीद बसायचा, काज-बटणं आणि तुरपाई करत. रशीदचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. खुंटीवरचा हँगर काढायचा तर तो डाव्या हातानं काढायचा, आणि सुई मात्र उजव्या हातानंच, मांडीवर कोपर टेकवून, अशी चालवायचा की टाका दिसू नये. तो फार बोलायचा नाही. उंच, देखणा माणूस होता.

यासीनभाऊंच्या दुकानाचा एक नियम साऱ्या तालुक्याला ठाऊक होता. ते कोणाच्याही खांद्याला बकरम लावत नसत. बकरम म्हणजे शिंपी कापडाच्या आत घालतात ते कडक अस्तर. एक खांदा उतरता असला तर आत बकरमची घडी आणि थोडा कापूस घातला की शर्ट सरळ दिसतो, माणूसही सरळ दिसतो. कोणताही शिंपी हे न सांगता करतो. यासीनभाऊ सांगूनही करत नसत. एका किराणा दुकानदाराच्या मुलाचं लग्न होतं. सफारी सूट शिवायला टाकला, आणि ट्रायलला आल्यावर कॉलर डावीकडे पळाली. दुकानदार म्हणाला, आत काहीतरी घालून सरळ करा. यासीनभाऊ म्हणाले, पोरगा सरळ करून देतो, वीस दिवस माझ्याकडे पाठवा. दुकानदारानं गल्ली डोक्यावर घेतली. नवरदेव मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे गुपचूप हजर झाला. वीस दिवसांत कॉलर पूर्ण मधे आली असं मी म्हणणार नाही, पण वरातीत तो घोड्यावर असा ताठ बसला होता, की सासरच्यांना तो फौजेतला वाटला.

नवरदेव जिथे हजर झाला ती यासीनभाऊंची व्यायामशाळा. गावाच्या टोकाला तेंदूपानाचं एक गोदाम होतं, ते हंगाम सोडून वर्षभर रिकामं असे. मालकाच्या परवानगीनं यासीनभाऊ तिथे सकाळी दोन तास शिकवत. मी कोल्हापूरकडचा. तालमीतलं आपल्याला सगळं कळतं अशी आमच्याकडच्या माणसाची जन्मापासूनची खात्री असते. मी तिथे गेलो तेव्हा ती खात्री बरोबर घेऊनच गेलो होतो. आत लाकडी मुगदरांच्या तीन जोड्या, वाळूची पोती, भिंतीला टेकवलेला एक बांबू, आणि आरसा एकही नाही. आरसा का नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, आरशात माणूस छाती पाहते, पाठ कोणीच पाहत नाई.

त्यांची सारी विद्या पाठीची होती. नवा माणूस आला की तो उघडा उभा राही आणि यासीनभाऊ कानावरचा खडू काढत. पाठीवर दोन्हीकडे जे त्रिकोणी हाड असतं, त्याला आम्ही डॉक्टरलोक स्कॅप्युला म्हणतो. यासीनभाऊ त्याला पान म्हणत. पानाचं खालचं टोक बोटानं चाचपून तिथे ते निळी खूण करत. मग हात वर करायला लावत आणि टोक जिथे सरकलं तिथे दुसरी खूण. दोन्ही बाजूंच्या खुणांमधलं अंतर टेपनं मोजत. सारखं असेल तर त्या माणसाला वजन मिळे. नसेल तर तो कितीही दांडगा असो, त्याच्या वाट्याला रिकामा बांबू येई, आणि खुणा जुळेपर्यंत तोच. गावातले नंदीसारखे दोन पहिलवान या अपमानापायी आखाडा सोडून गेले होते. यासीनभाऊंना त्याचं काही वाटलं नाही. हात जेवढा वर जाते त्यातला तिसरा वाटा पान देते, ते म्हणत. पान झोपलं असन तं त्याचं काम बी खांदा करते, आणि कधी ना कधी खांदा बसते. हे ते कोणत्या पुस्तकात वाचून बोलत नव्हते. शेकडो पाठींवर खडू चालवून त्यांच्या ते ध्यानात आलं होतं. मी घरी जाऊन माणसाच्या हाडांचं एक जुनं पुस्तक काढलं, तर आकडा बरोबर होता. मला थोडा रागच आला.

वजन वाढवायचीही त्यांची पद्धत होती. दर आठवड्याला पोत्यात दोन ओंजळी वाळू, तिसरी नाही. वर नेताना जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट खाली आणताना. एक दिवस काम, एक दिवस हात रिकामे. आणि जितकं ढकलाल तितकं ओढा. पोरांना दंड मारायचा फार नाद. शंभर-शंभर दंड मारून छाती पुढे यायची आणि खांदे तिच्याबरोबर पुढे वाकायचे. अशा पोरांना यासीनभाऊ गल्लीतल्या विहिरीवर पाठवत. कप्पीवरून पंचवीस बादल्या ओढायच्या, कोपर बरगडीला घासून मागे न्यायचं, आणि पाणी ज्या बाईचा हंडा पुढे असेल तिला द्यायचं. त्या गल्लीतल्या बायका यासीनभाऊंना फार मान देत, त्यामागचं कारण हे असावं.

या माणसाला कुतूहलाची भूकच होती. एके दुपारी ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन दवाखान्यात आले आणि माझ्या टेबलावर उलगडलं. बकऱ्याचा पुढचा अख्खा पाय, खांद्यापासून. कसायाला सांगून पाठीपासून अलगद काढवून आणला होता. त्यांचा प्रश्न एकच होता, हा पाय पाठीच्या हाडाला कुठे जोडला आहे? ते सकाळपासून तो सांधा शोधत होते. मी म्हणालो, कुठेच नाही. बकरीला गळ्याखालचं आडवं हाडच नसतं. पुढचे पाय नुसत्या मांसानं धडाला लटकलेले असतात, आणि माणसाला ते हाड असलं तरी पान मात्र बरगड्यांवर मांसाच्याच आधारानं सरकतं. यासीनभाऊंनी त्या पायाचं पान बोटानं पुढे-मागे सरकवून पाहिलं. मग ते मांस ज्या नसेवर चालतं ती नस कुठून जाते हे विचारलं. मी माझ्याच मानेवर बोट ठेवून दाखवलं. इथून निघते, खांद्याखालून बरगड्यांवर उतरते, वरून ओझं पडत राहिलं तर चेंगरू शकते. त्यांनी तो पाय पुन्हा कागदात बांधला. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि तो कशानं ते मला तेव्हा कळलं नाही.

मला कळत नव्हतं असं आणखी एक होतं. गावातल्या प्रत्येकाच्या पाठीवर या माणसाचा खडू चालला होता. फक्त रशीदच्या नाही. समोर चटईवर रोज दहा तास बसणाऱ्या, हात वर न जाणाऱ्या सख्ख्या भावाची पाठ ते कधी पाहत नसत. रशीद गोदामाकडे फिरकत नसे. आणि रशीदच्या शर्टाचे दोन्ही खांदे रेघ मारल्यासारखे सरळ असत. इतके सरळ, की माझ्यासारख्या जनावराच्या डॉक्टरालाही ते खोटे वाटले.

याचा उलगडा कावडीमुळे झाला. आठवडी बाजारात आजूबाजूच्या जंगलातली माणसं कावडी घेऊन येत. यासीनभाऊ एका म्हाताऱ्या गोंड माणसाला कित्येक बाजार न्याहाळत होते. सत्तरीचा असेल, ओझं भरपूर, आणि खांदे पोराचे. एके दिवशी दुकान रशीदवर टाकून ते त्याच्यामागे निघाले. गाव संपलं, डांबरी रस्ता संपला, पायवाट लागली. म्हाताऱ्यानं दोनदा मागे पाहिलं. तिसऱ्यांदा तो थांबला आणि म्हणाला, "काऊन मागं मागं येऊन राह्यला?" यासीनभाऊ म्हणाले, तुमचा खांदा पाहून राह्यलो. म्हाताऱ्यानं यावर थोडा विचार केला, कावड काढली, यासीनभाऊंच्या खांद्यावर ठेवली आणि आपण मोकळ्या हातानं पुढे चालू लागला. त्याचं गाव येईपर्यंत त्यानं ती परत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी यासीनभाऊंचे दोन्ही खांदे सुजले होते आणि चेहरा खुलला होता. म्हातारा दर थोड्या पावलांनी, चाल न मोडता, दांडी मानेमागून फिरवून दुसऱ्या खांद्यावर घ्यायचा. थकल्यावर नाही, थकायच्या आधी. त्यानं यासीनभाऊंनाही तसंच करायला लावलं होतं. एवढंच गुपित होतं. ते मला सांगता सांगता यासीनभाऊ एकदम थांबले. रशीद नमाजला गेला होता. त्यांनी मशीनचं चाक हातानं धरून ठेवलं आणि मला रशीदचं सांगितलं.

रशीद आधी भाताच्या गिरणीत हमाल होता. ट्रकला फळी लावलेली असे आणि रांग अशी चाले, की पोतं उजव्याच खांद्यावर घ्यावं लागे. हमालांच्या रांगेत खांदा बदलायला कोणी थांबत नाही. काही महिन्यांत रशीदचा उजवा खांदा उतरू लागला. ते पहिल्यांदा दिसलं यासीनभाऊंना, आणि दिसलं ते शर्टावर. तेव्हा त्यांना खांदा म्हणजे शिवणकामातली अडचण एवढंच कळत होतं. त्यात रशीदसाठी मुली पाहणं चाललं होतं. त्यांनी बकरमची एक घडी घातली. शर्ट सरळ झाला. पुढच्या शर्टाला दोन घड्या लागल्या, मग कापूस. पाठीवर हाड उचलल्यासारखं दिसायचं, तर तिथे त्यांनी चुणी घेतली. हाताला कळ येते असं रशीद म्हणे, तर घरचे म्हणत, हमालाचा हात दुखणारच. सहा महिने असे गेले, आणि एका सकाळी रशीदच्या खांद्यावरून पोतं घसरलं ते पुन्हा चढलंच नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी शर्ट काढायला लावला आणि विचारलं, इतक्या दिवसांत हे कोणाच्याच लक्षात आलं नाही का?

"लक्षात आलं होतं, डॉक्टरसाहेब," यासीनभाऊ मला म्हणाले. "माह्याच लक्षात आलं होतं. मी शिवून टाकलं."

ठरत आलेलं लग्न मोडलं, गिरणीतलं काम गेलं. त्यानंतर यासीनभाऊंनी कोणाच्या खांद्याला बकरम लावला नाही, आणि कानावरचा खडू पाठींवर चालवायला सुरुवात केली. मी न राहवून म्हणालो, रशीदच्या शर्टाला मात्र अजून लावता. ते म्हणाले, तो मागते, आणि त्याले नाई म्हणायचं तोंड मले नाई. आठ वर्षं झाली होती. त्या आठ वर्षांत एकानं कधी शर्ट उतरवून पाठ दाखवली नव्हती आणि दुसऱ्यानं ती मागितली नव्हती. मला दोघांचाही राग आला आणि दोघांसाठी वाईटही वाटलं. माझ्या धंद्यात मालक जनावराची जखम लपवतो तेव्हा मी त्याला चार शब्द सुनावतो. इथे मी उठून दोन चहा सांगून आलो.

त्या उन्हाळ्यात सुनंदा आली. कुरखेड्याहून दोन कोसांवरच्या खेड्यातली, भात लावणाऱ्या घरातली, सायकलवरून येणारी, बोलायला तिखट. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. मागच्या खेपेला धावण्यात ती पहिल्या पाचांत होती, पण गोळाफेकीत तिचा गोळा खुणेच्या अलीकडेच पडला. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची भरती होती आणि ती हुकली तर लग्न ठरवायचं असं घरचं ठरलं होतं. हातात ताकद नाही म्हणून गोळा जात नाही, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. "रोवणीत दिवसभर वाकतो, भाताचे भारे डोक्यावर आणतो," ती म्हणाली. "हातात ताकद नाई तं मंग कुठी आहे, चाचा?"

यासीनभाऊंनाही तेच विचारायचं होतं. पण पाहायचं कसं? पुरुषाच्या पाठीवर खडू चालतो. तरण्या मुलीची पाठ उघडी पाहणं तर सोडाच, तिला हात लावणंही त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं. बायकांचं माप जुबेदाभाभी, म्हणजे त्यांची बायको, घरात घेई आणि आकडे बाहेर सांगे. ब्लाउजवर खूण करून पाहिली, तर हात वर गेला की कापड वेगळीकडे आणि पान वेगळीकडे. चार दिवस ते दुकानात हाताला लागेल ते कापड ताणून पाहत होते. गिऱ्हाइकांचे कपडे पडून राहिले.

पाचव्या दिवशी त्यांनी बनियनचं ताणलं जाणारं कापड आणलं आणि एक अजब सदरा बेतला. अंगाला कातडीसारखा चिकटणारा, पूर्ण बाह्यांचा, गळाबंद, आणि पाठीला तीन लाल शिवणी. एक मणक्यावरून सरळ, आणि दोन्ही पानांच्या आतल्या कडांवरून एकेक. ट्रायल जुबेदाभाभीवर. पहिला सदरा घसरला, दुसरा काखेत फाटला. अंगणात भाभी हात वर, खाली, वर, खाली करत उभी आणि हे मागून पाहतायत, इतक्यात चुलीवरचा भात लागला, आणि भाभीनं मग वर गेलेला हात तिथेच ठेवून त्यांना जे सुनावलं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. तिसरा सदरा जमला. त्याच्या लाल शिवणी मशीनवर घालून चालेना, मशीनचा टाका ताणला की तुटे. त्या हातानं घालाव्या लागल्या, म्हणजे रशीदनं.

गोदाम तेंदूच्या हंगामामुळे भरलं होतं, म्हणून सराव मोहाच्या झाडाखाली, संध्याकाळी, उजेड असेतो. भाभी पाटावर बसलेली. यासीनभाऊ दहा पावलं मागे, मान कलती करून. आपले टाके ताणावर टिकतात की नाही हे पाहायला पहिल्या दिवशी रशीदही आला आणि झाडाला टेकून उभा राहिला. मीही होतोच. सुनंदानं गोळा फेकला, आणि जे दिसलं ते मलासुद्धा दिसलं. उजवी लाल रेघ बाहेर, बरगडीकडे जायच्या ऐवजी सरळ वर, मानेकडे पळाली.

डोक्यावर भारा सांभाळायची लहानपणापासूनची सवय. हाताला जोर लावायचा म्हटलं की तिचा खांदा आधी कानाकडे जाई, आणि ताकद तिथेच संपे. ताकद कमी नव्हतीच. यासीनभाऊंनी गोळा काढून घेतला. महिनाभर तिला भिंत ढकलायला लावली आणि हात सरळ झाल्यावर, जिथे सगळे थांबतात तिथून, अजून चार बोटं ढकल म्हणून सांगितलं. मोहाच्या फांदीला वाळूचं पोतं टांगून ते एका हातानं हळू लोटायचं, रेघ वर गेली की पुन्हा पहिल्यापासून. ती चिडायची, रडायची, सायकल आपटून निघून जायची, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर यायची. गोळा परत हातात आल्यावर फेकलेला गोळा आणून द्यायचं काम रशीदनं आपणहून घेतलं. डाव्या हातात गोळा घेऊन तो येई आणि मग यासीनभाऊंच्या शेजारी उभा राहून तिच्या पाठीकडे पाही. आपण घातलेली शिवण कुठे जाते ते पाहायचा छंदच त्याला लागला. "वर गेली," तो म्हणे. "आता बाहेर." यासीनभाऊ नुसती मान हलवत.

पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी गोळा खुणेच्या दगडाच्या दोन पावलं पलीकडे पडला. सुनंदा गोळा पडला तिथे जाऊन बसली आणि सदऱ्याच्या बाहीचं टोक तोंडात धरून हसत राहिली. भाभीनं तिची नजर काढत कडाकडा बोटं मोडली. यासीनभाऊ रशीदकडे वळून म्हणाले, शिवण बरोबर गेली. रशीद अजून तिकडेच पाहत होता.

"भाई," तो म्हणाला, "मले बी एक तसा शिवून दे."

मी तिथून दूर जायला हवं होतं, पण गेलो नाही. यासीनभाऊंचा हात कानाकडे गेला, खडू तिथे होता, त्यांनी तो काढला आणि परत ठेवला. मग म्हणाले, "तुले सदरा कशाले पाहिजे. तू शर्ट काढ."

रशीदनं काढला. बकरमचा एक खांदा कापडातच ताठ राहिला आणि शर्ट गवतावर अर्धा उभा, अर्धा पडलेला असा राहिला. रशीदनं झाडाला दोन्ही तळवे टेकले आणि ढकललं. उजवं पान पाठीवरून उचललं गेलं, इतकं की त्याखाली बोटं घालता आली असती. मला ते काय आहे हे ठाऊक होतं, नस कोणती हेही ठाऊक होतं, आठ वर्षांनी त्यातलं किती परत येतं आणि किती येत नाही हेही. यासीनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी एवढंच म्हणालो, पूर्ण होणार नाही, पण शेजारची मांसं शिकतील. त्यांनी पानाच्या टोकावर निळी खूण केली. ती वाकडी झाली. त्यांनी ती अंगठ्यानं पुसली आणि दुसरी केली.

सुनंदाचं नाव यादीत लागलं. खाकी कपडे तिथलेच मिळाले, पण खांदे यासीन चाचाकडून पाहून घेतल्याशिवाय ती ते घालीना, म्हणून एकदा सुट्टीत येऊन भाभीच्या अंगणात हात वर-खाली करून गेली. रशीदच्या वाट्याला रिकामा बांबूच आला, आणि मग वर्षभर तोच. मुठीत बांबूशिवाय काही नाही, पाठीवर निजून हात आढ्याकडे, अजून चार बोटं वर. मग वाळूची पुरचुंडी, तिच्यात एक ओंजळ, दोन ओंजळी सुद्धा नाहीत. शर्टातला बकरम पहिल्याच आठवड्यात निघाला. पुढच्या शुक्रवारी तो वाकड्या खांद्याचा शर्ट घालून नमाजला गेला तेव्हा लोकांनी पाहिलं. मला वाटतं, लोकांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. आठ वर्षं त्या दोघांनाच ते वाटत होतं.

त्यानंतर दीड वर्षानं माझी बदली झाली. निघायच्या दिवशी दोघं भाऊ बसस्टँडवर आले. यासीनभाऊंनी मला एक शर्ट शिवून आणला होता, नेहमीसारखा वाकडा, आणि उजव्या हातानंही गायी तपासायची सवय करा, असं सांगितलं. मी कोल्हापूरकडचा असूनही ते ऐकलं, आणि आजही दोन्ही हातांनी काम करतो.

गाडी सुटली. मी खिडकीतून मागे पाहिलं. रशीदनं निरोपासाठी उजवा हात उचलला होता. तो कानापर्यंत आला, त्याच्या थोडा वर गेला आणि तिथे थांबला. मी हात हलवला, दोघांसाठी. पण यासीनभाऊ माझ्याकडे पाहतच नव्हते. ते रशीदच्या दोन पावलं मागे सरकले होते, मान एका बाजूला कलती करून त्याची पाठ पाहत होते. रशीदनं हात खाली घेतला. यासीनभाऊ काहीतरी म्हणाले, आणि त्यानं तो पुन्हा वर केला, या वेळी हळू.